आधी टॉवेल धरायला शीक

जुळे सोलापूरमधल्या एका मुलीने विचारलंय: "ताई, मी २३ वर्षांची आहे. डिप्लोमा झालाय, सध्या एका दुकानात हिशेब लिहिते. दोन वर्षं गच्चीवर व्हिडिओ बघून पोई फिरवते. गेल्या डिसेंबरात गोव्यात एकदा पेटवूनही फिरवली. मला तुमच्यासारखं जगभर हिंडून आगीचे खेळ करायचेत, शिकवायचंय. सुरुवात कुठून करू? पोट भरतं का? आणि घरी काय सांगू?"

ज्यांना पोई माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोरीच्या किंवा साखळीच्या टोकाला वजन असतं, अशा दोन दोऱ्या दोन हातांत घेऊन अंगाभोवती लयीत फिरवायच्या, ती पोई. ही मूळची न्यूझीलंडच्या माओरी लोकांची कला. टोकाला पेटती वात बांधायची रीत मात्र अलीकडची.

मी १६ वर्षं या कामावर जगतेय. वर्षातले पाच-सहा महिने बाहेर, उरलेले सोलापुरात. तुझ्या तिन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी मला तुला एक विचारायचंय. गोव्यात तू पोई पेटवलीस तेव्हा टॉवेल घेऊन कोण उभं होतं?

हे विचारायला कारण आहे. मला परदेशातून पहिलं बोलावणं आलं ते माझा खेळ बघून आलेलं नाही. गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर मी एक अख्खा हंगाम दुसऱ्यांसाठी टॉवेल धरून उभी राहिले. केवलारची, म्हणजे सहज न जळणाऱ्या धाग्याची, वात असलेली पोई घ्यायला तेव्हा माझ्याकडे पैसे नव्हते, आणि त्या लोकांजवळ राहायचं तर काहीतरी काम करणं भाग होतं. रोज संध्याकाळी ढोल सुरू झाले की मी बादलीत टॉवेल भिजवायची, पिळायची आणि जागा धरायची. हंगाम संपताना एक जर्मन बाई माझ्याजवळ आली. तिच्या गावाजवळ दर उन्हाळ्यात आगीचे खेळ करणाऱ्यांचा मेळा भरायचा. ती म्हणाली, "चांगले फिरवणारे मला शंभर मिळतात. तीन तास नजर न हलवता उभी राहणारी माणसं मिळत नाहीत." मी त्या मेळ्याला गेले ती सुरक्षा पथकात. तिथे तिसऱ्या दिवशी एक शिक्षक आजारी पडला, त्याचा वर्ग मला घ्यायला सांगितला. पुढचं सगळं त्या वर्गातून निघालं.

या कामाला सगळीकडे 'सेफ्टी' म्हणतात. ते नीट सांगते, कारण व्हिडिओत ते दिसत नाही.

सेफ्टीच्या हातात ओला करून घट्ट पिळलेला, जाड, शंभर टक्के सुती टॉवेल असतो. पाणी गळणारा टॉवेल नको, गरम वातीवर पडला की त्याची वाफ हात भाजते. आपल्या सोलापूरचा टर्किश टॉवेल या कामाला मी पाहिलेल्या सगळ्या टॉवेलांत उत्तम. मी प्रत्येक दौऱ्यावर सहा घेऊन जाते आणि बहुतेक वेळा एकही परत येत नाही, लोक मागून घेतात. फक्त तो सुतीच आहे याची खात्री हवी. माझे वडील आयुष्यभर मागावर टॉवेल विणत आले, त्यांनी मला शिकवलेली परीक्षा सांगते. टॉवेलच्या मधला एक धागा आणि किनारीचा एक धागा उपसायचा, चिमट्यात धरून पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक काळी गुठळी होते. किनारीला पॉलिस्टर घातलेले टॉवेल बाजारात भरपूर आहेत, म्हणून दोन्ही धागे बघायचे. अंगावरच्या कपड्यालाही हीच परीक्षा लाव. लेगिंग, जाळीचे ब्लाउज, चमकीचे घागरे, खेळासाठी म्हणून विकतात ते बहुतेक सगळं कृत्रिम धाग्याचं असतं. असा कपडा पेटला की वितळून कातडीला चिकटतो आणि डॉक्टरला तो कातडीसकट काढावा लागतो.

विझवताना टॉवेल झटकायचा नाही. झटकला की ज्योतीला वारा मिळतो. खेळणारी थांबते, पोई खाली जमिनीवर टेकवते, सेफ्टी टॉवेल वातीवर पसरून चारी बाजूंनी दाबते आणि दहापर्यंत मोजते. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर वरून खाली पुसत आणायचं, कधीही खालून वर नाही, कारण ज्योत वर तोंडाकडेच धावते. हाका आधी ठरलेल्या असाव्यात. माझ्या वर्गात दोनच हाका असतात: "डावा" किंवा "उजवा" म्हणजे त्या बाजूला काहीतरी पेटलंय, आणि "टाक" म्हणजे हातातलं सोडून दे. लांब वाक्य बोलायला वेळ नसतो. सेफ्टीच्या हातात फोन नसतो, तिने दारू घेतलेली नसते, आणि तिला खेळ आवडला तरी ती टाळ्या वाजवत नाही. ढोल वाजत असताना, लोक ओरडत असताना, एका माणसाच्या कोपरांकडे आणि केसांकडे सलग चार मिनिटं बघत राहणं किती अवघड असतं ते तू एकदा करून बघ.

आता इंधन. भारतात मी रॉकेल वापरते. पेट्रोल कधीही नाही, थेंबभर मिसळूनही नाही. कारण समजून घे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगी लागताच पेट घेते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा तो साधारण ३८ अंशांपासून पुढे, पेट्रोलचा उणे ४०च्या आसपास. म्हणजे पेट्रोलची वाफ कायमच पेटायला तयार असते, तू काडी ओढण्याआधीच हवेत पसरलेली असते. सोलापूरकरांनी यातलं आणखी एक लक्षात ठेवायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. म्हणजे पत्र्याच्या शेडखाली ठेवलेलं रॉकेलसुद्धा तेव्हा पेट्रोलसारखं वागू लागतं. उन्हाळ्यात मी डबा दिवसभर सावलीत ओल्या गोणपाटात ठेवते आणि वात सूर्य मावळल्यावरच बुडवते.

इंधनाचा डबा झाकणाचा, धातूचा, आणि खेळाच्या जागेपासून निदान दहा पावलं लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला. वात बुडवायची, डब्यावरच पिळायची, मग रिकाम्या डब्यात धरून उरलेलं झटकून काढायचं. नाहीतर पहिल्या फेरीतच पेटते थेंब प्रेक्षकांवर उडतात. गरम वात पुन्हा इंधनात बुडवायची नाही. एकामागून एक दोन खेळ करायचे असतील तर पोईच्या दोन जोड्या ठेव.

बाहेरच्या देशात इंधनाची नावं घात करतात. जर्मनीत 'बेंझिन' म्हणजे पेट्रोल आणि 'पेट्रोलियम' म्हणजे दिव्यात घालायचं रॉकेल. फ्रान्समध्ये 'एसाँस' म्हणजे पेट्रोल, आणि 'पेत्रोल' म्हटलं की रॉकेलच्या जातीचं तेल. ब्रिटनमध्ये रॉकेलला 'पॅराफिन' म्हणतात, अमेरिकेत त्याच शब्दाने मेण नाहीतर दिव्याचं तेल समजतात. नव्या देशात उतरल्यावर मी इंधन स्वतः दुकानात जाऊन घेते, डब्यावरचं फ्लॅश पॉइंटचं कलम वाचते, आणि पहिल्यांदा एकाच वातीवर, मोकळ्या जागेत, हातात न धरता पेटवून बघते. कोणी "मी आणून ठेवलंय" म्हटलं तरी.

हा नियम मी भाजल्यावर केला. दुसऱ्या वर्षी एका किनाऱ्यावरच्या पार्टीत आयोजकांच्या माणसाने रॉकेल कमी पडलं म्हणून डब्यात पेट्रोल ओतलं आणि कोणाला सांगितलं नाही. मी वात पेटवली तेव्हा ज्योत वातीवर थांबलीच नाही, साखळीवरून मनगटापर्यंत आली. बाही सुती होती म्हणून वितळली नाही, पण पेटली. सेफ्टी म्हणून उभा असलेला मुलगा व्हिडिओ काढत होता. मी स्वतः वाळूत हात खुपसला. नंतर कोणीतरी टूथपेस्ट घेऊन धावत आलं. तिथल्या एका स्वयंपाकी मावशींनी त्याला बाजूला सारलं आणि माझा हात नळाखाली धरला, वीस मिनिटं, घड्याळ बघून. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की हात वाचला तो त्या पाण्याने. भाजल्यावर थंड वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, तूप नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. डाव्या मनगटावरचा तो डाग मी आजही वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवते.

तोंडातून आग फुंकायचं कोणी शिकवतो म्हणालं तर जाऊ नकोस. तोंडातलं इंधन फुप्फुसात गेलं की त्याने होणारा न्यूमोनिया जीवघेणा ठरू शकतो, आणि चांगले सराव केलेले लोकही त्यात सापडलेत. मी ते करत नाही, शिकवत नाही, आणि जिथे ते कार्यक्रमात हवंच असतं तिथलं काम घेत नाही.

तुझ्या सरावाबद्दल. दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. आता एक पारख कर. डाव्या हाताने सुरुवात करून उजव्यासारखंच सगळं येतं का? दोन्ही दिशांनी? फिरणारं वर्तुळ एकाच सपाटीत राहतं का, की थकल्यावर अंगाकडे झुकतं? आणि कुठल्याही क्षणी, संगीत मध्येच तुटलं तरी, दोन्ही पोई शांतपणे थांबवता येतात का? हे शेवटचं मी सगळ्यांत वर ठेवते. पेटवल्यावर तीन गोष्टी बदलतात ज्या गच्चीवर कळत नाहीत. इंधन प्यायलेली वात जड असते आणि जळत जाते तशी हलकी होते, त्यामुळे लय मिनिटामिनिटाला सरकते. ज्योतीचा फर्रर्र असा आवाज कानाजवळून जातो आणि पहिल्या वेळी माणूस डोकं मागे घेतो, नेमका दुसऱ्या पोईच्या वाटेत. आणि स्वतःच्याच उजेडाने डोळे दिपतात, समोरचं काही दिसत नाही. म्हणून न पेटवता, पण ओल्या, जड वातीने, अंधारात महिनाभर सराव कर. ओल्या म्हणजे पाण्याने, आणि जुन्या वातीने, कारण पाणी शोषलेली वात पुन्हा पेटवायला पूर्ण वाळवावी लागते.

शिकवण्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण जग मला खरं दिसलं ते त्यातून.

बहुतेक विद्यार्थ्यांना आग नकोच असते. त्यांना हात मोकळे व्हायला हवे असतात, मैत्री हवी असते, मोबाइलबाहेरचा एक तास हवा असतो. ऑकलंड विद्यापीठात साठीच्या पुढच्या लोकांना महिनाभर पोई शिकवून अभ्यास झालाय, त्यात तोल आणि हाताची पकड सुधारलेली आढळली. मी स्वतः आठ वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या आजींपर्यंत शिकवलंय आणि यातल्या शंभरात पाच जणांनीही वात पेटवली नाही. त्यामुळे वर्ग आखताना आग डोक्यातून काढून टाक. लांब मोज्यात मूठभर तांदूळ घालून गाठ मारली की सरावाची पोई झाली. आपल्याकडे मी जुन्या चादरीच्या पट्ट्यांना गोल गाठी मारून बनवते, लागली तरी दुखत नाही आणि प्रत्येकाला स्वतः बनवल्याचा आनंद मिळतो.

एका वर्गात बारा माणसं माझ्यासाठी पुष्कळ. पहिला अर्धा तास फक्त सपाटी शिकवते. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि भिंतीला समांतर वर्तुळ काढायचं, ती एक सपाटी. मग दोन भिंतींच्या बोळात उभं असल्यासारखं, सायकलच्या चाकासारखं फिरवायचं, ती दुसरी. शिकणारा चुकतो तेव्हा त्याचा हात धरून फिरवायचा मोह होतो. ते करू नकोस. त्याच्या समोर उभी राहा, आरशासारखी, आणि स्वतः हळू कर. एखाद्याला जमत नसेल तर त्याला एका हातातली पोई खाली ठेवायला सांग. आणि चूक झाल्यावर गुंता होणारच, तो सोडवताना हसायला पहिल्या दहा मिनिटांत शिकवायचं. जे लोक आपल्या गुंत्यावर चिडत नाहीत ते लवकर शिकतात, हे मी लिमामधल्या, बर्लिनमधल्या आणि आपल्या सोलापूरच्या नई जिंदगी भागातल्या मुलांमध्ये सारखंच पाहिलंय.

भाषा येत नसली तर अडत नाही. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याशी कानडी, शेजारी दखनी, शाळेत मराठी आणि घरात तेलुगू. चार भाषांतून वाट काढायची सवय ही मी इथून नेलेली सगळ्यांत कामाची शिदोरी.

आता कागदपत्रं. हे लवकर उरकते, पण मनावर घे. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन खेळ करणं किंवा शिकवणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेलं कामही अनेक ठिकाणी काम म्हणूनच धरतात. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे जे एकाच व्हिसावर फिरता येतात त्यांत, व्हिजिट व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे एका उन्हाळ्यात मेळ्यांमागून मेळे करायचा बेत आधी कॅलेंडरवर मांडून बघ. ब्रिटनमध्ये सरकारने ठरवलेल्या यादीतल्या महोत्सवांत व्हिजिटर व्हिसावरही मानधन घेता येतं, आणि स्कॉटलंडमधला एडिनबर्ग फ्रिंज हा कला महोत्सव त्या यादीत आहे. बाकी बहुतेक कामांना तिथे प्रायोजक लागतो. अमेरिकेत पी-३ नावाचा व्हिसा खास सांस्कृतिक परंपरेच्या कलाकारांसाठी असतो, त्याचा अर्ज तिथल्या संस्थेने करावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केलाय, वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, निवड सोडतीने. तुझं वय त्यात बसतं. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा वाच. बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावीच लागते, तो खर्चही धर.

विमानात इंधन चालत नाही हे उघड आहे. पण रॉकेलचा वास येणारी वातसुद्धा जप्त होते. माझ्या दोन जोड्या अशा गेल्या. आता मी वाती पूर्ण जाळून, धुऊन, आठवडाभर उन्हात वाळवून, घट्ट बंद पिशवीत घालून चेक-इनमध्ये देते, आणि शक्य असेल तर कोऱ्या वातीच नेते. एलईडी पोईच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात. एलईडीची जोडी हवीच. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याच्या दिवशी उघड्यावर आग पेटवायला संपूर्ण बंदी जाहीर होते. त्या दिवशी ज्याच्याकडे दुसरा खेळ नसतो त्याची मजुरी बुडते.

विमा दोन प्रकारचा लागतो. तुझ्या अंगाला काही झालं तर प्रवास विमा, पण त्यात पैसे घेऊन केलेले धोक्याचे खेळ वगळलेले असतात का ते बारीक अक्षरात वाच. आणि तुझ्यामुळे दुसऱ्याला काही झालं तर त्याची भरपाई देणारा दायित्व विमा. ब्रिटनमध्ये ५० लाख किंवा १ कोटी पौंडांच्या संरक्षणाचा कागद दाखवल्याशिवाय आयोजक उभं करत नाहीत. इथे भारतातही लॉनवरच्या लग्नात खेळ करायचा तर जागेच्या मालकाची लेखी परवानगी घे आणि अग्निशमन दलाला कळवायला आयोजकाला भाग पाड.

पोट भरतं का? भरतं, पण रस्त्यावरच्या टोपीत पडणाऱ्या पैशावर नाही. माझ्या पहिल्या युरोप दौऱ्यात टोपीतले पैसे राहण्या-खाण्यात संपले, तिकीट इथे साठवलेल्या पैशाचं होतं. मेळ्यात शिकवल्यावर बहुतेक वेळा प्रवेश, जेवण, तंबूची जागा आणि थोडं मानधन मिळतं. खरे पैसे इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, लग्नं आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत. पुणे आणि हैदराबाद दोन्ही आपल्याला रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावर आहेत, त्याचा फायदा घे. त्या चार महिन्यांच्या कमाईवर मी बाहेरचे महिने काढते. दुकानातली नोकरी पहिली दोन वर्षं सोडू नकोस.

आणखी एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. बाहेर गेलीस की लोक विचारतील, "तुमच्याकडे आगीचं काय आहे?" मला पहिल्या वेळी उत्तर देता आलं नाही याची आजही खंत वाटते. आपल्याकडे काय नाही? मर्दानी खेळातली बनेटी बघ, काठीच्या दोन्ही टोकांना कापडाचे बोळे बांधून, पेटवून फिरवतात. परदेशात ज्याला 'फायर स्टाफ' म्हणून शिकवतात ते आपल्या आखाड्यांत आधीपासून आहे. गोंधळ्याच्या हातातली दिवटी आहे. देवीआईचा पोत आहे. मी लहानपणी कोजागिरीला आजीबरोबर सोलापूरहून तुळजापूरला चालत गेले होते. तिथे एका आराधी बाईने पेटता पोत स्वतःच्या हातावरून इतका सावकाश फिरवला की मी श्वास धरून बघत राहिले. इथे गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघायला आपण वडिलांच्या खांद्यावर बसायचो. आग आपल्याला परकी नाही.

पण पोत मी कधी खेळात घेतलेला नाही आणि तूही घेऊ नकोस असं माझं मत आहे. तो देवीपुढचा आहे, तिकीट लावून दाखवायचा नाही. बनेटी एखाद्या वस्तादाकडून रीतसर शीक आणि मग ती कुणाकडून शिकलीस ते नाव घेऊन कर. माओरींच्या बाबतीतही तेच. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ एका म्हाताऱ्या बाईंनी मला आखूड पोई तळहातावर आपटून ताल धरायला शिकवलं. आधी त्यांनी मला त्यांचं गाणं पाठ करायला लावलं, पोई दुसऱ्या दिवशी हातात दिली. त्या सांगत होत्या की विणकाम करणाऱ्या बायकांची मनगटं मऊ राहावीत म्हणून पोई असायची. मी म्हटलं, माझं सगळं घराणं विणकरांचं आहे. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. दरवर्षी ३० एप्रिलच्या रात्री एडिनबर्गच्या काल्टन टेकडीवर बेल्टेनचा अग्निउत्सव होतो, १९८८ पासून. तो सगळा स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, आणि तिथेही मशाल धरणाऱ्याइतकाच मान बाजूला उभ्या असलेल्या सुरक्षेच्या माणसांना आहे.

घरी काय सांगू, हा तुझा तिसरा प्रश्न. सांगू नकोस, दाखव.

माझ्या वडिलांशी मी सहा महिने नुसती भांडत होते. एकदा गच्चीवर न पेटवता सराव करत होते आणि ते पाण्याची टाकी बघायला वर आले. मी अंगासमोर पोई एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आडव्या-तिडव्या नेत होते. त्यांनी विचारलं, याला काय म्हणतात? मी म्हटलं, 'थ्री बीट वीव्ह', तीन ठोक्यांची विण. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुझा डावा हात उशिरा येतो. धोटा असा उशिरा आला तर ताणा तुटतो." त्यांचं बरोबर होतं. डावा हात खरंच उशिरा येत होता. त्यानंतर ते रोज संध्याकाळी वर येऊन बसायचे.

आईला नुसतं बघून धीर येत नव्हता. तिला भीती आगीची होती आणि ती भीती रास्त होती. मग मी तिला बादलीजवळ उभं केलं, टॉवेल पिळायला दिला आणि वर लिहिलंय ते सगळं शिकवलं. पहिल्या दिवशी एकच वात, जमिनीवर ठेवलेली. दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातातली. मी थांबले, पोई खाली टेकवली. तिने टॉवेल टाकला, चारी बाजूंनी दाबला आणि मोठ्याने मोजायला लागली, ओकटी, रेंडू, मूडू. दहा झाल्यावर कोपरा उचलून खाली बघितलं, धूर नाही याची खात्री केली, आणि मला म्हणाली, "केस नीट बांधले नाहीस. बांध, मग दुसरी पेटव."